पहिल्याच पानावर संशय येतो, तोच खुनी कसा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे: अगाथा ख्रिस्तीची ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ तुम्ही नुकतीच वाचून संपवली. ज्या नवऱ्यावर पहिल्यापासून घरादाराचा संशय असतो तोच शेवटी खुनी निघाला, म्हणून तुमचा विरस झाला. मध्येच डिटेक्टिव्ह पॉयरोनं त्याला अटकेपासून वाचवलं, तेही पटलं नाही. आणि तुम्ही स्वतः एक कादंबरी लिहिताय. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचा खून त्याचा धाकटा भाऊ आणि पेढीवरचे दिवाणजी मिळून करतात, वरवर मात्र दोघांचं हाडवैर. तपास करणारा फौजदार त्यांना शेवटी पकडतो. पण कच्चा मसुदा वाचणाऱ्या तिघांनीही तिसऱ्या प्रकरणातच ‘हे दोघं आतून एक आहेत’ असं सांगून टाकलं. तर दोन खलनायक वाचकापासून लपवायचे कसे, हा तुमचा प्रश्न.

मी २२ वर्षं एका रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट होते आणि जवळजवळ तेवढीच वर्षं दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहिते आहे. ही कादंबरी माझ्या दोन्ही कामांच्या मधोमध बसते, त्यामुळे उत्तर लांबणार. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे सगळं उघड करून लिहिलंय.

आधी तुमचा खरा अडथळा कुठे आहे ते सांगते. तुम्ही लपवण्याचा विचार करताय, पण तुमच्या भावाला आणि दिवाणजींना त्या वैराचा उपयोग काय, हे मसुद्याच्या सारांशात कुठेच दिसत नाही. वैर फक्त वाचकाला फसवायला ठेवलंय. वाचकाला असं फुकटचं भांडण लगेच खटकतं. तो विचारतो, हे दोघं पानोपानी एकमेकांवर का धावून जातायत? कथेत उत्तर सापडलं नाही की त्याला लेखक सापडतो.

आता ‘स्टाइल्स’ बघा. पहिलं महायुद्ध चालू आहे. कॅप्टन हेस्टिंग्ज आघाडीवरून जायबंदी होऊन परतलाय आणि एसेक्समधल्या स्टाइल्स कोर्ट या बंगल्यावर पाहुणा म्हणून आलाय. सत्तरीच्या एमिलीबाईंनी स्वतःपेक्षा वीस वर्षांनी लहान अल्फ्रेड इंगलथॉर्पशी लग्न केलंय. काळी दाढी, सोनेरी कडांचा, नाकावर चिमटणारा चष्मा, घरातल्या कुणालाच नकोसा माणूस. एमिलीबाईंची सोबतीण एव्हलिन हॉवर्ड तर त्याचं नाव काढलं तरी भडकते. तोंडावर भांडून ती घर सोडते आणि जाताना हेस्टिंग्जला बजावते, बाईंना सांभाळा, नवऱ्यावर नजर ठेवा. थोड्याच दिवसांत एमिलीबाई स्ट्रिकनिनच्या विषबाधेनं जातात. गावच्या औषधाच्या दुकानातल्या वहीत स्ट्रिकनिन नेल्याची नोंद आहे, खाली सही अल्फ्रेडची, कारण काय तर कुत्रा मारायचाय.

तुम्ही म्हणता, मग यात रहस्य ते काय उरलं? मी म्हणते, अल्फ्रेडला नेमका हाच संशय हवा होता. इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे ज्यूरीनं एकदा निर्दोष सोडलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नसे. म्हणून त्यानं स्वतःविरुद्ध ढळढळीत पण खोटा पुरावा उभा केला. दुकानात दाढी लावून, चष्मा चढवून, त्याचा वेष घेऊन गेली होती एव्हलिन. त्याच वेळी तो गावापासून अडीच मैलांवरच्या शेतावर, तिथे राहणाऱ्या रेक्सबाईंना सोडायला चालला होता आणि वाटेत चारचौघांनी त्याला पाहिलं होतं. बेत असा, की पोलिसांनी पकडावं, खटला उभा राहावा, मग ऐनवेळी साक्षीदार पुढे आणून सुटावं आणि जन्मभराची भीती मिटवावी.

म्हणजे पहिल्या पानावरचा संशय हेच खलनायकांचं हत्यार आहे. आणि एव्हलिनची आरडाओरड हा त्या हत्याराचा दस्ता. तिनं जितका गवगवा करावा तितकी अटक जवळ येणार. तिच्या द्वेषाला बेतात काम आहे, म्हणून तो खोटा वाटत नाही. वाचकाला वाटतं, बाई फटकळ आहे पण मनाची सरळ आहे. चोराच्या उलट्या बोंबा आपण नेहमी ऐकतो, पण इथे एक चोर दुसऱ्या चोराच्या नावानं बोंब मारतोय, आणि तीही दोघांच्या भल्यासाठी. तुमच्या दिवाणजींच्या वैराला असं एखादं काम नेमून द्या, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

आता विषाकडे येते, कारण खलनायक किती हुशार आहेत हे तिथे कळतं. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका होत्या, मग औषध विभागात काम करू लागल्या. ही कादंबरी त्यांनी १९१६ मध्ये लिहिली. ती अमेरिकेत १९२० मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२१ च्या जानेवारीत छापून आली. औषधनिर्मात्यांच्या तिकडच्या नियतकालिकानं तिच्यातलं विषाचं ज्ञान अचूक असल्याबद्दल तिची वाखाणणी केली होती. ती वाखाणणी किती रास्त आहे ते माझ्यासारखीला पटकन कळतं.

एमिलीबाई रोज एक टॉनिक घेत. त्या काळी टॉनिकमध्ये अगदी सूक्ष्म प्रमाणात स्ट्रिकनिन घालत. आपल्याकडे कोकणात ज्याला काजरा म्हणतात त्या झाडाच्या बियांत हेच द्रव्य असतं, आणि ते जहर कडू असतं. बाईंकडे झोपेसाठी ब्रोमाइडच्या पुड्याही होत्या. टॉनिकच्या भरलेल्या बाटलीत ब्रोमाइडची पूड मिसळली की स्ट्रिकनिनचा क्षार पाण्यात विरघळलेला राहत नाही, हळूहळू स्फटिक होऊन तळाशी बसतो. आम्हाला औषधशास्त्राच्या वर्गात ‘न जुळणारी औषधं’ या प्रकरणात हे उदाहरण शिकवलं होतं. आमच्या सरांनी अशी एक लाखबंद बाटली काचेच्या कपाटात ठेवली होती. समोरून पाहिलं तर स्वच्छ पाण्यासारखं औषध. सर ती उजेडात धरून अलगद तिरकी करत, तेव्हा तळाशी बारीक साखरेसारखी चमक सरकताना दिसे. ते म्हणत, “गढूळ औषध हलवून घ्यायची पेशंटला बुद्धी होते. निवळ औषध कोण हलवणार?”

कादंबरीत नेमकं हेच आहे. बाईंना औषध ओतून देणारं माणूस बाटली हलणार नाही याची रोज काळजी घेत होतं, असं पॉयरो शेवटी सांगतो. परिणाम असा, की आधीचे डोस जवळजवळ कोरे आणि सगळं विष शेवटच्या डोसात. शवचिकित्सेनंतर डॉक्टर सांगतात की पोटात गेलेलं स्ट्रिकनिन पाऊण ते एक ग्रेन असावं. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, जीव घ्यायला पुरेसं. आणि चव? औषध मुळातच कडू, त्यामुळे शंका यायचं कारण नाही. सगळे मात्र कॉफीचे कप नि कोको तपासत बसलेत. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललंय आणि दुकानातून नेलेल्या ज्या विषाभोवती सगळा तपास फिरतो ते वापरलंच गेलेलं नाही. ज्या घटकेला मरण येतं त्या घटकेला दोन्ही खुनी घरात नाहीत. एव्हलिन तर काही दिवसांपूर्वी घर सोडून गेली आहे, पंधरा मैलांवरच्या रुग्णालयात परिचारिकेचं काम करते आहे. तिचे वडील डॉक्टर होते, ही गोष्ट अगदी सहज येऊन जाते.

माझ्या मते रहस्यकथेत खलनायकाचा बेत असा असावा, की तो उलगडल्यावर वाचकाला भीती वाटावी आणि त्याच वेळी त्याच्या नेटकेपणाचं कौतुकही वाटावं. कारण शोधणारा तेवढाच मोठा होतो, जेवढा मोठा त्याच्यासमोरचा बेत असतो. पॉयरोची ही पहिली कादंबरी. पाच फूट चार इंच उंची, अंड्याच्या आकाराचं डोकं, बेल्जियम सोडून आलेला निर्वासित, एकेकाळचा पोलीस अधिकारी. ज्या बाईंनी त्याला आणि त्याच्या देशबांधवांना गावात आसरा दिला, त्यांच्याच खुनाचा तपास तो करतो. त्याच्या शिस्तीच्या वेडाची आपण गंमत मानतो, पण त्याचं मोठेपण मला दुसऱ्याच ठिकाणी दिसतं, आणि तिथेच तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर आहे.

स्कॉटलंड यार्डचा जॅप अटकेचं वॉरंट घेऊन हजर होतो. पुरावा भक्कम, गाव खूश. पॉयरोला अल्फ्रेडबद्दल दाट संशय आहे. तरीही तो पाच साक्षीदारांची नावं पुढे ठेवतो आणि अटक थांबवतो. अल्फ्रेड स्वतः मात्र गप्प. स्वतःला वाचवायचे साक्षीदार हाताशी असताना एखादा माणूस तोंड का उघडत नाही, हा प्रश्न पॉयरोला पडतो. उत्तर एकच, त्याला अटक हवी आहे. मग पॉयरो म्हणतो, हवी आहे ना, मग मिळणार नाही. शत्रूनं मागितलेली वस्तू शत्रूला न देणं याला मी डिटेक्टिव्हगिरी म्हणते. कपाटामागचा धागा शोधणं त्यामानानं सोपं.

पण इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमच्या कादंबरीत तीच अडेल. पॉयरो निवृत्त आहे, खाजगी माणूस आहे. त्याला थांबायची मुभा आहे. तुमचा नायक फौजदार आहे. हातात पुरावा असताना त्यानं अटक टाळली तर वरिष्ठ जाब विचारतील, मयताच्या घरचे मोर्चा आणतील. तेव्हा एकतर तो दबाव कथेत पुरेपूर आणा, किंवा नायक पोलिसाबाहेरचा घ्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तुमच्या सारांशात भाऊ मुद्दाम अटक ओढवून घेऊन सुटतो, असं एक वळण आहे. ‘स्टाइल्स’वरून सुचलं असणार. ते सांगलीत जसंच्या तसं चालणार नाही. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, हे तत्त्व आपल्याकडेही आहे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ मध्ये आहे. पण आपल्याकडे निर्दोष सुटकेविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात अपील करू शकतं. सत्र न्यायालयातून सुटलेला भाऊ पेढे वाटतो न वाटतो तोच अपील दाखल होऊ शकतं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ज्यूरीनं सोडलं की विषय संपला, आणि त्या एका भिंतीवर ख्रिस्तींनी अख्खा बेत उभारला. (तिकडेही २००३ च्या कायद्यानं गंभीर गुन्ह्यांत नवा सबळ पुरावा मिळाल्यास दुसरा खटला शक्य झाला, म्हणजे आज लिहायची तर त्यांनाही वेगळा बेत शोधावा लागला असता.) तुमच्या खलनायकांना आपल्या कायद्यातली, आपल्या व्यवहारातली फट शोधू द्या. हळदीच्या पेढीवर पेव, वखार, सौदापट्टी, उधारीच्या वह्या असतात. फट तिथेच कुठेतरी असेल.

आता एव्हलिनकडे परत येते. दोन खलनायकांचं नातं ख्रिस्तींनी लपवलं आहे का? पहिल्याच प्रकरणात एमिलीबाईंचा सावत्र मुलगा जॉन सांगतो की अल्फ्रेड हा एव्हलिनचा लांबचा भाऊबंद लागतो म्हणे, तिला मात्र ते नातं मिरवायची हौस दिसत नाही. झालं. सगळी किल्ली तिथे उघड्यावर ठेवली आहे. आपण ते वाक्य वाचतो नि सोडून देतो, कारण ते तिच्या तिटकाऱ्याचा दाखला म्हणून आलंय. तिचा आवाज पुरुषी, घोगरा आहे हेही सांगितलंय, आपण ते स्वभावचित्र समजतो. माहिती दडवायची नसते, ती दुसऱ्याच कामाला जुंपायची असते. पॉयरोला तिचा संताप गरजेपेक्षा जास्त तीव्र वाटतो, आणि तरीही तो तिला ‘तुम्ही मला मदत करा’ म्हणून जवळ करतो. संशयिताला हाताखाली घेतलं की तो काय शोधून आणतो आणि काय आणत नाही, दोन्ही कळतं.

माहिती दडवायची चूक मीही माझ्या सुरुवातीच्या एका कथेत केली होती. सासू आणि भाडेकरू मिळून विष देतात, आणि ओळख पटू नये म्हणून मी दोघांना एकाही प्रसंगात समोरासमोर आणलं नव्हतं. संपादकांनी कथा परत पाठवली, समासात लिहिलं होतं, “एकाच वाड्यात राहून ही दोघं कधी भेटतच नाहीत?” तेव्हापासून मी कटातल्या दोघांना भरपूर भेटू देते, बोलू देते. फक्त त्या भेटीला दुसरं, खरंखुरं निमित्त देते. भाडं, पाण्याची वेळ, गॅसचा नंबर.

‘स्टाइल्स’मध्ये मला खटकणारी एक जागा आहे, तीही सांगते, नाहीतर आंधळं कौतुक होईल. बेत सोमवारी रात्रीचा होता. बाई समारंभाच्या घाईत औषध घ्यायला विसरल्या आणि मरण एक दिवस लांबलं. एव्हलिन काळजीत असेल म्हणून अल्फ्रेड तिला पत्र लिहायला बसतो, त्यात ब्रोमाइडच्या युक्तीबद्दल तिची पाठही थोपटतो. इतका सावध माणूस असं लिहून ठेवील? मला ते पटत नाही, पुराव्याची गरज लेखिकेला होती असंच वाटतं. पण त्या पत्राचं पुढे जे होतं ते मात्र अप्रतिम. घाईत लपवायला जागा नाही म्हणून तो पत्राच्या तीन पट्ट्या फाडतो, गुंडाळतो आणि शेकोटीवरच्या फळीवर, मेणबत्ती पेटवायच्या कागदी सुरळ्यांच्या भांड्यात खोचून ठेवतो. काखेत कळसा नि गावाला वळसा! पॉयरो पहिल्या दिवशी त्याच फळीवरच्या वस्तू सवयीनं सरळ करतो. पुढे अस्वस्थ असताना पुन्हा करतो, हात थरथरतात. हेस्टिंग्ज किती तरी दिवसांनी सहज बोलून जातो, ‘त्या दिवशीही तुमचा हात थरथरत होता, फळीवरच्या वस्तू नीट लावताना.’ आणि पॉयरो धावत सुटतो. एकदा सरळ केलेल्या वस्तू पुन्हा सरळ कराव्या लागल्या, म्हणजे मधे कुणीतरी हात लावला. गुन्ह्याचा उलगडा डिटेक्टिव्हच्या खोडीतून होतो, खोलीबाहेरून आणलेल्या कुठल्या साधनातून होत नाही. तुमच्या फौजदाराला अशी एखादी सवय पहिल्या प्रकरणात द्या, पण ती वाचकाला विनोद वाटू द्या.

शेवटच्या प्रसंगाबद्दल एक जाता जाता. ख्रिस्तींनी मुळात उलगडा कोर्टात, पॉयरोच्या साक्षीतून केला होता. प्रकाशकांच्या सांगण्यावरून त्यांनी तो बदलून दिवाणखान्यात आणला. माझा अनुभव असा की कोर्टात लेखकाचे हात बांधले जातात, कारण साक्षीदार विचारलं तेवढंच बोलतो. तुम्हीही उलगडा पेढीवरच करा.

कामाची पद्धत सांगते. मी कथा लिहायच्या आधी खलनायकाची वही लिहिते. त्यात डिटेक्टिव्हचं नावही नसतं. गुन्ह्याआधीच्या दहा दिवसांपासून तासातासाची नोंद: कोण कुठे, कुणाला काय माहीत, कुणाला काय पटवायचंय. दोन खलनायक असतील तर दोन वह्या, आणि प्रत्येकाच्या वहीत एक पान ‘दुसऱ्यापासून काय लपवलंय’ याचं. छोट्या कथेत हे ओझं होतं, तिथे एकच खलनायक पुरे. तुमची कादंबरी आहे, जागा भरपूर आहे. मग त्या बेतात एक अपघात घालायचा, जो कुणाच्याच हातात नव्हता, एमिलीबाईंच्या विसरण्यासारखा. त्यानंतर खलनायकांना घाईनं जे करावं लागतं, तिथून डिटेक्टिव्हला वाट मिळते.

म्हणून आता पुढचा मसुदा लिहू नका. भावाची आणि दिवाणजींची अशा दोन वह्या आधी भरा. तुमच्या सारांशात खुनाच्या आदल्या दुपारी दिवाणजी वखारीत एकटे असतात, एवढंच म्हटलंय. ते तिथे काय करतात आणि भावाला त्यातलं किती माहीत आहे, ते पान आधी लिहा.